सोळावे लागले की सोळा सरली?

एखाद्या जागेसाठी माणूस हवा असला म्हणजे अर्जांचा ढीग जमावयास वेळ लागत नाही. वेळ लागतो तो त्या ढिगातून योग्य माणूस हुडकून काढावयास. गावच्या शाळेला शिक्षक नेमावयाचा असो, की एखाद्या पेढीला कारकून ठेवावयाचा असो, निवडणाऱ्याची अडचण एकच असते : जे गुण हवे असतात ते डोळ्यांना दिसत नाहीत, आणि जे कागदावर दिसते त्यावरून गुणांचा अदमास करावा लागतो. म्हणून तो दिसणाऱ्या गोष्टींची एक चाळणी तयार करतो. वय किती, परीक्षा कोणती, शिफारस कोणाची, अक्षर कसे, अशी भोके पाडून तो उमेदवारांना चाळू लागतो. हिंदुस्थानच्या सनदी नोकरीसाठी इंग्रजांनी जी चाळणी बनविली, तिचा इतिहास या दृष्टीने फार बोधक आहे; कारण ती चाळणी वेळोवेळी बदलण्यात आली, आणि कोणाला आत घ्यावयाचे याबरोबरच कोणाला बाहेर ठेवावयाचे हाही विचार त्या बदलांमागे असे.

प्रारंभी चाळणी अशी नव्हतीच. ईस्ट इंडिया कंपनीचे चोवीस डायरेक्टर असत आणि कंपनीच्या मुलकी नोकरीतील जागा म्हणजे त्यांच्या हातचा प्रसाद असे. भाचा, पुतण्या, मित्राचा मुलगा, मतदाराचा जावई, ज्याच्यावर डायरेक्टरची मेहेरनजर, तो ‘रायटर’ म्हणून जहाजावर चढे. या नेमणुकांचा पैशाने व्यवहार होतो अशी ओरड इतकी वाढली, की १८०९ मध्ये कॉमन्स सभेला त्याची चौकशी करण्यासाठी समिती नेमावी लागली. कंपनीने १८०६ मध्ये या तरुणांच्या शिक्षणासाठी कॉलेज काढले आणि ते पुढे १८०९ मध्ये हेलिबरी येथे नेले. लोकसंख्येच्या सिद्धांतामुळे प्रसिद्ध झालेला माल्थस तेथे अर्थशास्त्र शिकवीत असे, आणि संस्कृत, फारसी यांचेही पाठ दिले जात. शिक्षण वाईट होते असे म्हणता येणार नाही; परंतु आत येणाऱ्याची निवड आधीच कोणाच्या तरी दिवाणखान्यात होऊन गेलेली असे. १८३३ च्या कायद्यात धर्म, जन्मस्थान, वंश किंवा वर्ण यांमुळे कोणीही हिंदी माणूस कंपनीच्या नोकरीस अपात्र ठरणार नाही, असे उदार कलम घालण्यात आले. कलम छापले गेले आणि डायरेक्टरांच्या शिफारशी पूर्ववत् चालू राहिल्या.

१८५३ च्या कायद्याने डायरेक्टरांचा हा हक्क काढून घेतला व नेमणुका खुल्या स्पर्धेने करण्याचे ठरले. परीक्षा कशी असावी हे सांगण्यासाठी मेकॉलेच्या अध्यक्षतेखाली एक समिती बसली. ऑक्सफर्डचा बेंजामिन जॉवेट तिच्यात होता आणि हेलिबरीचे प्रमुख रेव्हरंड मेल्व्हिल हेही होते. त्याच सुमारास मेकॉलेचा मेहुणा चार्ल्स ट्रेव्हेलियन व स्टॅफर्ड नॉर्थकोट यांनी इंग्लंडातील सरकारी नोकऱ्यांविषयी आपला प्रसिद्ध अहवाल दिला. ट्रेव्हेलियन स्वतः हिंदुस्थानात नोकरी करून गेलेला. परीक्षा घेऊन अधिकारी निवडण्याची चाल चीनमध्ये शतकानुशतके चालत आलेली होती, आणि ती पुढे १९०५ पर्यंत टिकली. म्हणून ही ‘चिनी पद्धत’ इंग्लंडच्या गळ्यात कशाला, असे म्हणणारे टीकाकारही तेव्हा निघाले.

मेकॉले समितीच्या विचाराचा गाभा समजून घेण्याजोगा आहे. तरुणाला महसूल किंवा न्यायदान किती येते हे परीक्षेने पाहू नये. तो ज्या विद्यांत वाढला त्या त्याने किती निष्ठेने आत्मसात केल्या हे पाहावे, काम तर मागाहून शिकविता येईल, असे तिचे मत होते. अनेक विषयांचे उथळ ज्ञान मिरविणाऱ्यापेक्षा थोड्या विषयांत खोल गेलेल्याला अधिक गुण मिळावेत, यावरही तिचा भर होता. आजही नेमणुका करणाऱ्या मंडळींनी हा भाग वाचावा इतका तो शहाणपणाचा आहे. परंतु ज्या विद्यांत तरुण वाढला, त्या कोणत्या देशाच्या? गुणांच्या कोष्टकात लॅटिनला ७५० आणि ग्रीकला ७५० गुण होते. संस्कृतला ३७५ आणि अरबीला ३७५. म्हणजे पुण्याच्या किंवा काशीच्या पाठशाळेत दहा वर्षे घासलेल्या पंडिताची विद्या रोमन कवींच्या निम्म्या भावाने घेतली जाणार! शिवाय परीक्षा लंडनलाच. तेथे जाऊन राहण्याचा खर्च, समुद्रपर्यटनाने जातिबहिष्काराची टांगती तलवार, आणि एवढे करून नापास झाल्यास रिकाम्या हाताने परतणे. दार उघडे होते हे खरे. पण ते सात समुद्रांपलीकडे होते.

पहिली परीक्षा १८५५ मध्ये झाली. वयाची मर्यादा तेव्हा अठरा ते तेवीस अशी होती. परीक्षेतून आलेल्या नव्या इंग्रज अधिकाऱ्यांना हेलिबरीचे जुने लोक ‘कॉम्पिटिशनवाला’ म्हणून हिणवू लागले. इंग्रजी शब्दाला आपला ‘वाला’ लावून झालेली ही शिवी आपल्या भाषांच्या वाट्यालाही थोडी येते. हे लोक पुस्तकी किडे आहेत, त्यांना घोड्यावर बसता येत नाही, खानदानी रीतभात नाही, असा आक्षेप असे. परीक्षा आली म्हणजे तिच्यामागून घोकंपट्टीचे वर्ग आलेच. लंडनमध्ये रेन अँड गर्नी यांचा वर्ग या कामी फार नावाजला होता. म्हणजे निवडणारा चाळणी विणतो आणि त्याच गल्लीत दुसरा कोणी दाणे त्या मापाचे करून देण्याचे दुकान थाटतो!

ही सगळी विघ्ने ओलांडून पहिला हिंदी तरुण १८६३ मध्ये उत्तीर्ण झाला. तो म्हणजे रवींद्रनाथांचे वडील बंधू सत्येंद्रनाथ ठाकूर. त्यांच्याबरोबर गेलेले मनमोहन घोष यांना यश आले नाही. ते बॅरिस्टर होऊन परतले. सत्येंद्रनाथांची नेमणूक बंगालमध्ये न होता मुंबई इलाख्यात झाली, आणि अनेक वर्षांच्या सेवेनंतर साताऱ्याचे जज्ज असताना ते निवृत्त झाले. यानंतर सहा वर्षे एकही हिंदी नाव यादीत नव्हते. १८६९ मध्ये मात्र एकदम चार नावे आली : रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि श्रीपाद बाबाजी ठाकूर. पहिले तिघे बंगाली, एकाच जहाजाने १८६८ च्या मार्चमध्ये निघालेले. चौथे आपल्या मुंबई इलाख्याचे, मराठी. बंगालचे ठाकूर आणि महाराष्ट्राचे ठाकूर यांची गल्लत होऊ नये म्हणून हे सांगणे बरे. रमेशचंद्रांचा क्रमांक तर साऱ्या यादीत तिसरा होता.

इंग्रज वर्तमानपत्रांनीही या यशाची दखल घेतली. परंतु थोड्याच दिवसांत सिव्हिल सर्व्हिस कमिशनरांनी सुरेंद्रनाथ व श्रीपाद ठाकूर यांच्या वयाविषयी शंका काढली व दोघांचीही नावे यादीतून कमी केली. त्या वर्षी नियम असा होता, की १ मार्च रोजी उमेदवाराचे वय सतराच्या वर आणि एकवीसच्या आत असावे. मूळची तेवीसची मर्यादा आधी बावीसवर आणि १८६६ मध्ये एकवीसवर आणून ठेवलेली होती. सुरेंद्रनाथांनी १८६३ च्या डिसेंबरात कलकत्ता विद्यापीठाची प्रवेश परीक्षा दिली, तेव्हा कागदावर आपले वय सोळा लिहिले होते. कमिशनरांचा हिशेब सरळ होता. १८६३ च्या अखेरीस ज्याला सोळा वर्षे पुरी झाली, त्याचा जन्म १८४७ च्या डिसेंबराच्या आतला. म्हणजे १८६९ च्या मार्चात तो एकवीस ओलांडून गेलेला. इंग्रजी हिशेबात यात एका दिवसाचीही चूक नव्हती.

चूक होती ती दुसऱ्याच ठिकाणी. सुरेंद्रनाथांचा जन्म १० नोव्हेंबर १८४८ चा. १८६३ च्या डिसेंबरात त्यांना पंधरा पुरी होऊन सोळावे लागले होते, आणि आपल्या देशात वय सांगावयाचे ते चालू वर्षाचे. हे बंगालचेच वैशिष्ट्य नव्हे. आपल्याकडील आजीबाईंना नातवाचे वय विचारावे. ‘त्याला आठवे लागले’ असेच उत्तर येईल. ‘वर्ष लागणे’ आणि ‘वर्ष सरणे’ असे दोन वेगळे शब्दप्रयोग मराठीने जपून ठेवले आहेत ते उगीच नाहीत. मुंजीसाठी तर शास्त्रकारांनी गर्भाष्टम वर्ष सांगितले, म्हणजे आईच्या उदरातील महिनेही हिशेबात धरले. इंग्रज मात्र पुरे झालेले वर्षच मोजतो. त्याच्या लेखी पहिल्या वाढदिवसापर्यंत मूल एका वर्षाचेही नसते. दोन्ही पद्धती आपापल्या जागी अगदी बिनचूक आहेत. घोटाळा झाला तो एका पद्धतीने लिहिलेला आकडा दुसऱ्या पद्धतीने वाचला गेला तेव्हा. आकडा तोच राहिला आणि त्यातून एक वर्ष निर्माण झाले.

सुरेंद्रनाथांनी हा खुलासा दिला. पण कमिशनरांनी तो ऐकून घेतला नाही, पुरावाही पाहावयाचे नाकारले. तेव्हा त्या वीस वर्षांच्या तरुणाने परक्या देशात, परक्यांच्या न्यायालयात, त्या देशाच्या सरकारी कमिशनरांविरुद्ध दाद मागितली. लंडनच्या क्वीन्स बेंच न्यायालयात, मुख्य न्यायाधीश कॉकबर्न यांच्यापुढे, कमिशनरांनी पुरावा घेऊन निर्णय द्यावा असा हुकूम मागणारा अर्ज आला. इकडे कलकत्त्यातील प्रतिष्ठित गृहस्थांनी देशातील वयोगणनेची चाल प्रतिज्ञापूर्वक सांगितली. जन्मपत्रिकेचा आधारही पुढे करण्यात आला. न्यायाधीशांना मुद्दा पटला आणि कमिशनरांनी कारण दाखवावे असा प्राथमिक हुकूम निघाला. तो निघताच कमिशनरांनी पुढे भांडत न बसता माघार घेतली. सुरेंद्रनाथ व श्रीपाद ठाकूर या दोघांचीही नावे यादीत परत आली. ठाकुरांच्या वाट्याला न्याय आला तो असा दुसऱ्याच्या लढ्यातून. या मराठी तरुणाविषयी आपल्या पुस्तकांतून फार थोडे वाचावयास मिळते, ही मात्र आपलीच उणीव.

जन्मपत्रिकेविषयी येथे थोडे थांबले पाहिजे. इंग्लंडात १५३८ पासून गावोगावच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या नोंदी लिहिल्या जात, आणि कंपनीच्या काळी रायटरच्या अर्जाबरोबर अशा नोंदीचा उतारा जोडावा लागे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर कॅथलिक देशांतही ही शिस्त दृढ झाली, आणि गोव्यात व वसईकडे चर्चच्या वह्यांतून ती उतरली. परंतु अशी नोंद मुख्यतः बाप्तिस्म्याची असते. मूल जन्मले केव्हा हे तिच्यात असेलच असे नाही. उलट पत्रिकेत शके, मास, तिथी, नक्षत्र आणि घटिका-पळेसुद्धा असतात. कागद म्हणून पत्रिका अधिक बारीक; पण ती घरात राहते आणि वही चर्चमध्ये, तिऱ्हाइताच्या ताब्यात. पुरावा म्हणून वहीचे वजन पडते ते यामुळे. आपल्याकडे जन्मनोंदणीचा एक कायदा १८८६ मध्ये झाला, पण तो ऐच्छिक होता. देशभर नोंद सक्तीची करणारा कायदा १९६९ चा. सुरेंद्रनाथांच्या खटल्याला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती. मधल्या काळात पिढ्यान् पिढ्यांची जन्मतारीख गावच्या मास्तरांनी शाळेच्या दाखलवहीत लिहून दिली. बाप ‘मोठ्या पुराच्या साली’ किंवा ‘थोरलीच्या लग्नाआधी’ असे काहीतरी सांगे, आणि मास्तर शाळा उघडण्याच्या सुमाराची १ जून ही सोयीची तारीख टाकून मोकळे होत. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेल्यांची संख्या इतकी मोठी का, याचे उत्तर ज्योतिषात शोधावयास नको. पुढे नोकरी, बढती आणि पेन्शन सारे त्या एका बोरूच्या फटकाऱ्यावर ठरत गेले.

सुरेंद्रनाथांचे वडील १८७० मध्ये वारले, मुलगा विलायतेत असतानाच. अखेरची परीक्षा देऊन सुरेंद्रनाथ १८७१ मध्ये सिल्हेटला रुजू झाले. तेथे एका खटल्यातील कागदांत चूक झाल्याचा ठपका ठेवून १८७४ मध्ये त्यांना नोकरीवरून दूर करण्यात आले व दरमहा पन्नास रुपये नेमून देण्यात आले. एवढ्या कष्टाने मिळविलेली जागा तीन वर्षांत गेली. चाळणीतून पार पडलेला माणूस मागल्या दाराने बाहेर गेला. पण बाहेर राहून त्याने त्या चाळणीकडेच सगळ्या देशाचे लक्ष वेधले.

प्रसंगही लवकरच आला. १८७६ मध्ये स्टेट सेक्रेटरी लॉर्ड सॅलिसबरी यांनी वयाची वरची मर्यादा एकवीसवरून एकोणीसवर आणली. १८७८ पासून ती अमलात आली. कारण असे सांगण्यात आले, की मुले शाळेतून थेट परीक्षेस यावीत, घोकंपट्टीच्या वर्गांचे फावू नये, आणि निवडीनंतर त्यांनी विद्यापीठात दोन वर्षे काढावीत. इंग्रज मुलाच्या दृष्टीने हे कारण खोटे नव्हते. पण ज्या हिंदी मुलाने एक परकी भाषा शिकून, तिच्यातून कॉलेजचे शिक्षण घेऊन, पैसे जमवून समुद्र ओलांडावयाचा, त्याने हे सारे एकोणिसाच्या आत कसे साधावे? सुरेंद्रनाथांनी १८७७-७८ मध्ये प्रथम उत्तर हिंदुस्थान आणि मग मुंबई व मद्रास इलाखे पालथे घातले. एका नोकरीच्या वयाच्या अटीवर सगळ्या देशात सभा भराव्यात, आणि बंगाली वक्त्याचे भाषण ऐकण्यासाठी लाहोरचे व मद्रासचे लोक जमावेत, हे तेव्हा नवेच होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी १८७८ च्या एका गुप्त टिपणात मान्य केले होते, की हिंदी लोकांना दिलेली आश्वासने पुरी होणे शक्य नाही. त्यांना उघड मनाई करणे किंवा त्यांची फसवणूक करणे एवढेच दोन मार्ग होते, आणि सरकारने त्यांतला कमी सरळ असा मार्ग पत्करला. वयाची अट ही कायदा निष्फळ करण्याचीच एक युक्ती आहे, असेही ते लिहून गेले. टिपण पुढे प्रसिद्ध झाले आणि दादाभाई नौरोजींनी त्याचा पुरेपूर उपयोग केला. १८७९ मध्ये लिटन यांनी काही जागा हिंदी लोकांना नेमणुकीने देण्याची योजना काढली. चांगल्या घराण्यांतील तरुण शिफारशीने घ्यावयाचे! डायरेक्टरांच्या दिवाणखान्यातून हद्दपार झालेला वशिला असा सिमल्याच्या वाटेने परत आला. ती योजना फार काळ टिकली नाही. वयाची मर्यादा १८९२ मध्ये पुन्हा वाढविण्यात आली.

वयाच्या या अरुंद फटीतूनही जे थोडे हिंदी तरुण आत गेले, त्यांत अरविंद घोष होते. लहानपणीच विलायतेत गेल्यामुळे त्यांना ग्रीक-लॅटिनची अडचण नव्हती. १८९० च्या परीक्षेत ते अकरावे आले. केंब्रिजला दोन वर्षांची उमेदवारीही पार पडली. राहिली ती घोड्यावर बसण्याची परीक्षा. तिला ते हजरच झाले नाहीत, आणि १८९२ मध्ये त्यांना नाकारण्यात आले. ही अट अगदीच अवाजवी होती असे नाही. जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला वर्षातील कितीतरी महिने तंबू घेऊन फिरावे लागे. जमाबंदी, दुष्काळ, सरहद्दीचे तंटे, सगळीकडे घोडाच वाहन. पण अरविंदांनाही ही नोकरी मनापासून नकोच होती, हे त्यांच्या पुढील आयुष्यावरून दिसते. म्हणजे चाळणीने बाहेर टाकलेला दाणा स्वतःच बाहेर उडी मारावयास उत्सुक होता. उमेदवाराच्या मनात काय आहे, हे कोणत्या परीक्षेने कळावे?

नेमके त्याच वेळी बडोद्याचे सयाजीराव महाराज लंडनमध्ये होते. त्यांनी या तरुणाला दोनशे रुपये पगारावर आपल्या राज्याच्या नोकरीत घेतले, आणि १८९३ च्या फेब्रुवारीत अरविंद मुंबईला उतरले. बडोद्यात ते जमाबंदी खात्यात बसले, दिवाण कचेरीत बसले आणि पुढे कॉलेजात फ्रेंच व इंग्रजी शिकवू लागले. तेथे असतानाच ते मराठी व गुजराती शिकले. ‘इंदुप्रकाश’ या मुंबईच्या मराठी-इंग्रजी पत्रातील त्यांची राजकीय लेखमाला त्याच वर्षीची. माणूस पारखण्याचे काम बडोद्याला नवे नव्हते; खुद्द महाराजांचीच निवड १८७५ मध्ये उमेदवार पाहून झाली होती. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या काशीराव गायकवाडांचे तीन मुलगे जमनाबाई महाराणींपुढे उभे करण्यात आले, आणि येथे कशासाठी आलास या प्रश्नाला ‘राज्य करावयास’ असे उत्तर देणाऱ्या बारा वर्षांच्या गोपाळरावांना दत्तक घेतले गेले, अशी आख्यायिका सर्वश्रुत आहे. गुणांचे कोष्टक नाही, लॅटिन नाही, घोडा नाही. तरी त्या निवडीतून जवळजवळ चौसष्ट वर्षांची कारकीर्द निघाली. अर्थात संस्थानांतील अशा सगळ्याच निवडी इतक्या फळास आल्या नाहीत.

१८६९ च्या त्या चौघांपैकी दोघांचा शेवटचा अधिकारही बडोद्याचाच. रमेशचंद्र दत्त इंग्रजी नोकरीत विभागाचे कमिशनर म्हणून काम करून १८९७ मध्ये निवृत्त झाले. १९०४ मध्ये सयाजीरावांनी त्यांना महसूल मंत्री म्हणून बोलाविले. १९०९ मध्ये ते दिवाण झाले आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला बडोद्यातच वारले. त्यांचे बालमित्र बिहारीलाल गुप्त हेही पुढे बडोद्याचे दिवाण झाले. इंग्रजी राज्यात ज्या खुर्चीपर्यंत त्यांना पोहोचू दिले नसते, ती त्यांना एका मराठी संस्थानाने दिली.

परीक्षा लंडनप्रमाणे हिंदुस्थानातही घ्यावी, असा ठराव कॉमन्स सभेने २ जून १८९३ रोजी संमत केला. दादाभाई तेव्हा पार्लमेंटात होते. हिंदुस्थान सरकारने विरोध केला आणि ठराव दप्तरात पडला. १९१२ मध्ये नेमलेल्या इस्लिंग्टन कमिशनवर गोपाळ कृष्ण गोखले सभासद होते. साक्षीपुरावा घेता घेता त्यांची प्रकृती ढासळली आणि अहवाल पुरा होण्यापूर्वीच, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, ते निवर्तले. लंडनच्याच परीक्षेत १९१८ मध्ये महाडकडच्या चिंतामण देशमुखांनी पहिला क्रमांक मिळविला, तेव्हा हिंदी मुलांची बुद्धी कमी पडते हे म्हणणे तरी कायमचे संपले. अखेर १९२२ च्या फेब्रुवारीत अलाहाबादला पहिली परीक्षा झाली, म्हणजे कॉमन्सच्या ठरावानंतर जवळजवळ एकोणतीस वर्षांनी.

ती परीक्षा चालू होती तेव्हा सर सुरेंद्रनाथ बॅनर्जी हे बंगाल सरकारचे मंत्री होते. ज्या सरकारने त्यांना पन्नास रुपयांवर घरी पाठविले होते, त्याच सरकारात ते स्थानिक स्वराज्य खाते सांभाळीत होते. त्यांचे वय इंग्रजी हिशेबाने त्र्याहत्तर. आपल्या हिशेबाने चौऱ्याहत्तरावे लागलेले.